फोन ऐकायचा, तर सही कोणाची?

केंद्रीय गृहमंत्रालयानं २०१३ मध्ये माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर देताना एक आकडा सांगितला होता. फोन ऐकण्याचे सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश दर महिन्याला निघतात. हे फक्त केंद्राचे, राज्यांचे वेगळे. अपवादाचे प्रसंग सोडले तर या प्रत्येक आदेशावर केंद्रीय गृहसचिवांचीच सही लागते. महिन्याचे २५ दिवस कामाचे धरा, दिवसाचे आठ तास धरा, आणि त्या आठ तासांत गृहसचिव दुसऱ्या कुठल्याच फाइलला हात लावत नाहीत असंही धरा. तरी एका आदेशाच्या वाट्याला ८० ते ९६ सेकंद येतात.

तेवढ्या वेळात त्यांनी ठरवायचं काय? देशात किंवा राज्यात सार्वजनिक आणीबाणीची परिस्थिती आहे का, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला धोका आहे का. असेल तर कायद्यातल्या नेमक्या कोणत्या कारणासाठी हा फोन ऐकणं गरजेचं आहे. हीच माहिती दुसऱ्या वाजवी मार्गानं मिळू शकते का. आणि या सगळ्याची कारणं लेखी नोंदवायची. यातलं एकेक कलम असं आहे की त्यावर न्यायालयात दिवसभर युक्तिवाद चालतो.

फोन टॅपिंग बंद करा, असं मला म्हणायचं नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हल्लेखोर आणि पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार यांच्यातलं बोलणं मुंबईत हल्ला चालू असतानाच ऐकलं गेलं, ध्वनिमुद्रित झालं आणि पुढे कसाबच्या खटल्यात पुरावा म्हणून उभं राहिलं. ते ऐकलं नसतं, तर कटाचा धागा सीमेपलीकडे कुठवर जातो हे इतक्या ठामपणे सिद्ध करणं अवघड होतं. माझा आक्षेप दुसरा आहे. दुसऱ्याचं खासगी बोलणं ऐकण्याचा अधिकार आपण ज्या यंत्रणेला दिला, त्याच यंत्रणेला परवानगी देण्याचा, तपासण्याचा आणि शेवटी नोंदी नष्ट करण्याचाही अधिकार देऊन टाकला. मागणारा सरकारी, देणारा सरकारी, तपासणाराही सरकारी. ज्याचा फोन ऐकला त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही.

आधी कायदा पाहू, कारण तो वाटतो तितका ढिला नाही. १८८५ च्या भारतीय तार कायद्याचं कलम ५(२) १९७२ मध्ये दुरुस्त झालं आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ते कलम २०(२) म्हणून बरंचसं तसंच उतरलं. त्याला दोन उंबरठे आहेत. पहिला उंबरठा सार्वजनिक आणीबाणीचा किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा. तो ओलांडल्यावरच दुसरा येतो: देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडत्व, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि गुन्ह्याला चिथावणी रोखणं, या कारणांपैकी एखादं तरी लागू पडलं पाहिजे. दोन्ही उंबरठे ओलांडल्याशिवाय फोनला हात लावता येत नाही. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १८ डिसेंबर १९९६ रोजी हेच सांगितलं, आणि त्यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती. सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेचा धोका ही गुपचूप असण्याची स्थिती नव्हे, ती कोणाही सारासार विचार करणाऱ्या माणसाला दिसली पाहिजे. म्हणजे फाइलमध्ये 'सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितासाठी' एवढे शब्द टंकलिखित केले की उंबरठा ओलांडला, असं होत नाही.

प्रत्यक्षात तेच होतं. मुंबई उच्च न्यायालयानं २२ ऑक्टोबर २०१९ रोजी दिलेला निकाल त्यासाठी वाचावा. बँकेच्या कर्जासाठी लाच दिल्याचा आरोप असलेल्या एका मुंबईकर व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश २००९ आणि २०१० मध्ये निघाले होते. तपास सीबीआयचा होता. न्यायालयानं साधा प्रश्न विचारला: या प्रकरणात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे? सार्वजनिक सुरक्षिततेला काय धोका होता? उत्तर नव्हतं. तिन्ही आदेश रद्द झाले आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. लाचखोरी गंभीर आहेच, पण गंभीर गुन्हा आणि सार्वजनिक आणीबाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायदा दुसरीसाठी लिहिलेला आहे. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालय याच वाटेनं गेलं. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं मात्र मोठा भ्रष्टाचारही सार्वजनिक सुरक्षिततेत बसवला. म्हणजे आज एकाच कायद्याखाली एकाच प्रकारचा आदेश मुंबईत आणि चेन्नईत बेकायदा ठरू शकतो आणि दिल्लीत कायदेशीर. सर्वोच्च न्यायालयानं हा तिढा लवकर सोडवायला हवा. दिल्लीचा अर्थ टिकला तर पहिल्या उंबरठ्याचं लाकूड शिल्लक राहील, पण त्याला अडखळून कोणी थांबणार नाही.

आता आदेशाचा प्रवास. तपास यंत्रणेकडून प्रस्ताव जातो. राज्यात तो गृहखात्याच्या सचिवांपुढे येतो. सही झाली की आदेश टेलिकॉम कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पोचतो आणि तो नंबर ऐकण्यासाठी जोडला जातो. एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त ६० दिवस, मुदतवाढ धरून कमाल १८० दिवस. आदेशाची प्रत सात कामकाजी दिवसांत पुनर्विलोकन समितीकडे जाते. निकडीच्या वेळी, म्हणजे दुर्गम भागात किंवा कारवाईच्या गरजेमुळे आधी मंजुरी घेणं शक्य नसेल तर, राज्यात पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारीही आदेश काढू शकतो. मात्र तीन कामकाजी दिवसांत तो सक्षम अधिकाऱ्याला कळवायचा आणि सात कामकाजी दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर ऐकणं थांबवायचं. १९९६ च्या निकालातली चौकट २००७ मध्ये तार नियमांच्या ४१९-अ मध्ये सविस्तर आली. ६ डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांनी तिची जागा घेतली, पण हाडांचा सांगाडा तोच राहिला.

या प्रवासात चूक किंवा लबाडी शिरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा म्हणजे प्रस्तावातला नंबर आणि त्यापुढचं नाव. सही करणारा अधिकारी नाव वाचतो, पण टेलिकॉम कंपनी जोडते तो नंबर. हा नंबर खरोखर त्याच नावाच्या माणसाचा आहे का, हे ग्राहकाच्या नोंदीवरून, ज्याला पोलीस एसडीआर म्हणतात त्यावरून, दोन मिनिटांत कळतं. पण ती नोंद प्रस्तावाला जोडलीच पाहिजे आणि मंजुरी देणाऱ्यानं ती पडताळलीच पाहिजे, असं नियमांत कुठे नाही. महाराष्ट्रात गाजलेल्या प्रकरणातला आरोप नेमका या जागेवर होता. लोकप्रतिनिधींचे नंबर भलत्याच नावांनी, गुन्हेगारांचे म्हणून दाखवून मंजुरी घेतली, असा तो आरोप. २०२१ मध्ये विधानसभेत हा विषय निघाला, २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयात ते रद्द झाले. आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नाही आणि तो कोणावर चिकटवण्याचा माझा हेतू नाही. पण त्या काळात दोन्ही बाजूंचे राजकारणी एकमेकांवर तुटून पडले आणि प्रक्रियेतलं भोक तसंच राहिलं, याची चीड येते. तीन सरकारं बदलली. 'प्रस्तावासोबत एसडीआर जोडा आणि मंजुरी देणाऱ्यानं त्यावर स्वतंत्र शेरा मारा' एवढी एक ओळ कोणी नियमात घालून घेतली नाही.

दुसरी जागा टेलिकॉम कंपनीची. २००५ मध्ये समाजवादी पक्षाचे नेते अमरसिंह यांचा फोन दिल्लीत एका खासगी कंपनीनं ऐकायला जोडला तो बनावट पत्रांवर. दिल्ली पोलिसांच्या आणि गृहखात्याच्या नावानं केलेल्या त्या पत्रांत भाषेच्या आणि स्पेलिंगच्या ढोबळ चुका होत्या. सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात विचारलं की असं पत्र हातात आल्यावर कंपनीला शंका कशी आली नाही? त्यानंतरही नियमांचा भर राहिला तो नोडल अधिकाऱ्यानं दर १५ दिवसांनी आलेल्या आदेशांची यादी यंत्रणेला पाठवून खात्री करून घेण्यावर. म्हणजे बनावट आदेश पकडला जायचा तर तो फोन ऐकून दोन आठवडे उलटल्यावर. आणि आता तर केंद्रीकृत देखरेख प्रणालीत, जिला सीएमएस म्हणतात, कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याची पायरीच उरत नाही. सरकारी केंद्रातूनच नंबर जोडता येतो. यामुळे कंपनीतली गळती बंद होते, ही गोष्ट खरी आहे. पण सरकारबाहेरचा एकमेव माणूस, जो निदान कागद मागत होता, तोही साखळीतून गेला.

तिसरी जागा पुनर्विलोकन समिती. केंद्रात तिचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव, सोबत विधी आणि दूरसंचार खात्यांचे सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी खात्याचे सचिव आणि गृहसचिव सोडून आणखी एक सचिव. बैठक दोन महिन्यांतून किमान एकदा. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीनं २०१८ च्या अहवालात या बैठकीचा हिशोब मांडला होता. वरच्या आकड्यांनुसार एका बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश येतात. एका आदेशाला एक मिनिट दिलं तरी २५० ते ३०० तास लागतील. तीन अतिवरिष्ठ अधिकाऱ्यांनी सगळी कामं सोडून रोज आठ तास बसायचं ठरवलं तरी महिना पुरत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका न घेताही म्हणता येतं की हे पुनर्विलोकन होऊच शकत नाही. कागद समोरून जातो, एवढंच होतं. शिवाय ज्या गृहसचिवांच्या सहीची ही समिती तपासणी करते, ते याच अधिकाऱ्यांच्या रोजच्या बैठकांत त्यांच्या शेजारी बसतात. आणि तपास यंत्रणेकडच्या नोंदी, कामासाठी गरज नसेल तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या. हा नियम नागरिकाच्या भल्यासाठी होता, आपलं बोलणं कोणाच्या कपाटात कायम पडून राहू नये म्हणून. पण ज्याला काही कळवलंच जात नाही, त्याच्या दृष्टीनं पुरावाही त्याच मुदतीत जातो.

हे झालं फोनवरच्या बोलण्याचं. ईमेल, संगणक आणि इंटरनेटवरच्या मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे, आणि ते आणखी सैल आहे. २००८ च्या दुरुस्तीनं आलेल्या या कलमात पहिला उंबरठाच काढून टाकला. सार्वजनिक आणीबाणीची अट नाही, आणि 'कोणत्याही गुन्ह्याचा तपास' हेही कारण चालतं. मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत कैद. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशानं गुप्तचर विभागापासून प्राप्तिकराच्या केंद्रीय मंडळापर्यंत दहा यंत्रणांना या कलमाखाली अधिकार दिले गेले. एकच वाक्य फोनवर बोललं तर एक कायदा आणि टाइप केलं तर दुसरा, या फरकाला आता काही अर्थ उरलेला नाही.

फोनमध्ये शिरणं ही याहूनही वेगळी गोष्ट. टॅपिंगमध्ये दोन टोकांमधलं बोलणं वाटेत ऐकलं जातं. पेगाससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनचाच ताबा घेतं, म्हणजे फोटो, जुने संदेश, मायक्रोफोन, कॅमेरा, सगळं. सरकारला असं शिरू देणारं स्पष्ट कलम कुठल्याही भारतीय कायद्यात लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानं नेमलेल्या तांत्रिक समितीला २९ पैकी पाच फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असं तिला ठामपणे म्हणता आलं नाही, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितलं गेलं की केंद्र सरकारनं समितीला सहकार्य केलं नाही. विषय तिथेच अडकून पडला.

सामान्य माणसाला सगळ्यात जवळचा धोका मात्र यातल्या कशाचाच नाही. तो आहे सीडीआरचा, कॉल डिटेल रेकॉर्डचा. त्यात बोलणं नसतं म्हणून त्याला कोणी फारसं मनावर घेत नाही. एक ओळ पाहा: कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, तारीख, वेळ, किती सेकंद, कॉल सुरू झाला तेव्हाचा टॉवर, संपला तेव्हाचा टॉवर, फोन संचाचा आयएमईआय क्रमांक, सिमचा आयएमएसआय क्रमांक. अशा सहा महिन्यांच्या ओळी एक्सेलमध्ये टाकून फक्त क्रमवार लावल्या की माणूस उघडा पडतो. रोज रात्री ११ ते सकाळी ६ जो टॉवर दिसतो ते घर. कामाच्या दिवशी १० ते ६ जो दिसतो ते ऑफिस. आठवड्यातून एकदा टाटा हॉस्पिटलच्या परिसरातला टॉवर, त्याच दिवशी भावाला आणि विमा एजंटला कॉल, म्हणजे घरात कोणीतरी आजारी आहे. रात्री उशिरा एकाच नंबरवर रोज ४० मिनिटं. एका वकिलाला तीन दिवसांत नऊ कॉल. एका पत्रकाराचा नंबर, आणि दुसऱ्या दिवशी बातमी. यातलं एकही वाक्य ऐकायची गरज पडली नाही.

आणि एवढ्यासाठी गृहसचिव लागत नाहीत, उंबरठे लागत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ९१ खाली, पोलिसांच्या लेखी मागणीवर सीडीआर मिळतो. पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच तो मागवावा अशा सूचना आल्या त्या २०१३ मध्ये अरुण जेटली यांचा सीडीआर बेकायदा काढल्याचं उघड झालं त्यानंतर. तरी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी साखळी पकडलीच आणि त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. कुटुंबातले वाद, धंद्यातली भांडणं यांच्यासाठी बाजारभावानं नोंदी विकल्या जात होत्या. जी वस्तू एका अर्जावर मिळते, तिचा बाजार तयार व्हायला वेळ लागत नाही. डिसेंबर २०२१ पासून तर कंपन्यांना या नोंदी एकाऐवजी दोन वर्षं जपून ठेवाव्या लागतात. विकाऊ माल दुप्पट झाला आणि कुलूप तेच राहिलं. टॉवर डम्पचा प्रश्न आणखी पुढचा: ठरावीक वेळी एका टॉवरखाली असलेल्या सगळ्यांचे नंबर एकदम. दादरसारख्या ठिकाणी एका तासाचा डम्प काढला तर संशयित एक आणि हजारो प्रवासी नोंदीत.

एवढं सगळं चुकीचं घडूनही ते सुधारत का नाही? माझ्या मते याचं मुख्य कारण पुराव्याच्या कायद्यात आहे. बेकायदा मिळवलेला पुरावा आपल्याकडे सहसा बाद होत नाही. याचं मूळही मुंबईतच सापडतं. मुंबईच्या कोरोनरवर लाच मागितल्याचा खटला होता. फोनवर बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीनं टेप लावलेली होती. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुरावा मान्य केला आणि वर असंही म्हटलं की पुरावा बेकायदा मिळवला तरी तो विषयाशी संबंधित असेल तर चालतो. संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात २००५ मध्येही हीच भूमिका कायम राहिली. म्हणजे तपासी अधिकाऱ्यानं नियम पाळले तरी पुरावा चालतो, नाही पाळले तरी चालतो. मग पाळायचे कशाला? २०१९ च्या मुंबई निकालाचं मोल इथे आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवल्यावर, तो मोडून मिळवलेला पुरावा वापरू देणं म्हणजे यंत्रणेला नियम मोडायची मुभा देणं, असं मुंबई उच्च न्यायालयानं स्वच्छ मांडलं. मला ते पटतं, आणि ते संसदेनं कायद्यातच लिहावं असं वाटतं.

तोवर ज्यांच्या दोषारोपपत्रात टॅपिंगचे उतारे आहेत त्यांच्या वकिलांनी निदान पुढचे कागद पहिल्याच तारखेला मागावेत. मूळ आदेश कारणांसह. प्रत्येक मुदतवाढीचा स्वतंत्र आदेश आणि मधे एखादा दिवस बिनआदेशाचा गेला आहे का त्याचा तपास. पुनर्विलोकन समितीनं या आदेशावर नोंदवलेला निष्कर्ष आणि त्याची तारीख. निकडीचा आदेश असेल तर तीन आणि सात दिवसांच्या मुदती पाळल्याचा पुरावा, कारण मुदतीत मंजुरी नसेल तर ते ध्वनिमुद्रण न्यायालयात वापरता येत नाही, असं २०२४ च्या नियमांतच लिहिलं आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, आणि त्यातली हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, दिलेल्या प्रतीशी जुळते का. या यादीतला एखादा कागद हमखास गायब असतो, आणि बहुतेक वेळा तो पुनर्विलोकन समितीचा.

फोन ऐकण्याची परवानगी सचिवानं नव्हे, न्यायाधीशानं द्यावी, असं माझं म्हणणं आहे. यावर येणारा पहिला आक्षेप वेगाचा. दहशतवादी न्यायाधीशाची वाट बघत थांबत नाही, असं म्हणतात. बरोबर आहे, म्हणून निकडीचा आदेश ठेवाच. २६/११ च्या रात्री दोन्ही उंबरठे सताड उघडे होते, कुठल्याही न्यायाधीशानं त्या नंबरांना क्षणात परवानगी दिली असती. अडचण येईल ती ज्या प्रस्तावांत आणीबाणी फक्त टाइप केलेली आहे त्यांना, आणि ती यावीच. दुसरा आक्षेप, न्यायाधीशांवर आधीच खटल्यांचा डोंगर आहे आणि त्यांचीही सही यांत्रिक होईल. यात तथ्य आहे. रिमांडचे साचेबंद आदेश आपण रोज बघतो. म्हणूनच फक्त सही बदलून भागणार नाही. कारणांची नोंद, ज्याचा फोन ऐकला त्याला नंतर कळवणं, आकडे जाहीर करणं आणि बेकायदा पुरावा बाद करणं, हे चारही हवं. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यानं मंत्र्याच्या आदेशावर न्यायिक आयुक्ताची दुसरी मंजुरी आणली. अमेरिकेत १९६८ पासून गुन्ह्यांच्या तपासातल्या टॅपिंगला न्यायाधीशाचा आदेश लागतो, ते संपल्यावर साधारण ९० दिवसांत संबंधिताला कळवावं लागतं, तपासाला बाधा येत असेल तर न्यायाधीश ते लांबवू शकतात, आणि दरवर्षी आकडेवारी छापली जाते. तिथलं सगळं आलबेल आहे असं नाही. पण तिथल्या नागरिकाला किती फोन ऐकले गेले हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज करून नशिबावर हवाला ठेवावा लागत नाही. आपल्याकडे तोही रस्ता अरुंद होतो आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम १७ नं केंद्राला हव्या त्या सरकारी यंत्रणेला त्या कायद्यातून सूट देता येते, आणि कलम ४४ नं माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलम अधिक घट्ट केलं आहे.

दिल्लीकडे बघत बसण्याचं मात्र कारण नाही, कारण निम्मा उपाय महाराष्ट्राच्या स्वतःच्या कायद्यात २५ वर्षांहून जास्त काळ पडून आहे. १९९९ चा मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा. त्याची जामिनाची कलमं कडक आहेत आणि त्यांच्यावर टीका करायला भरपूर जागा आहे. पण त्यातली फोन ऐकण्याची कलमं, १३ ते १६, केंद्राच्या नियमांपेक्षा नागरिकाला जास्त सांभाळणारी आहेत. अर्ज पोलीस अधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. तपासाचे दुसरे मार्ग वापरून पाहिले का आणि ते का फसले, हे अर्जातच लिहावं लागतं. गुन्ह्याशी संबंध नसलेलं बोलणं कमीत कमी ऐकलं जाईल अशी तजवीज आदेशात असावी लागते. निकडीत ऐकलं तर ४८ तासांत मंजुरीचा अर्ज. पुनर्विलोकन समितीपुढे आदेश दहा दिवसांत. आणि खटल्यात वापरायचं असेल तर आदेशाची प्रत आरोपीला किमान दहा दिवस आधी, नाहीतर पुरावा ग्राह्य नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००३ मध्ये ही कलमं रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ती पुन्हा उभी केली. म्हणजे ती घटनेच्या कसोटीला उतरलेली आहेत. मोक्क्याखालच्या टोळीप्रमुखाला जे संरक्षण आहे, ते दूरसंचार कायद्याखाली ज्याचा फोन ऐकला जातो त्या शिक्षकाला, पत्रकाराला किंवा नगरसेवकाला नाही.

सगळ्यात मोलाचं कलम आहे २७, आणि ते वकिलांच्याही फारसं तोंडी नसतं. दर कॅलेंडर वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत राज्य सरकारनं विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर अहवाल ठेवायचा: पोलिसांकडून परवानगीचे किती अर्ज आले, किती मंजूर आणि किती नामंजूर झाले, निकडीत किती फोन ऐकले आणि त्यातल्या कितींना मागाहून मंजुरी मिळाली किंवा नाकारली, त्यावरून किती खटले भरले आणि किती शिक्षा झाल्या. सोबत या ऐकण्याचा उपयोग काय झाला याचं निवेदन. सुरक्षेला बाधा येईल एवढाच भाग वगळायची मुभा.

दूरसंचार कायद्याखाली राज्याचं गृहखातं जे आदेश काढतं, त्यांच्यासाठी असा एकही रकाना कायद्यात नाही. एकत्रित आकडा सांगितल्यानं ना कोणाचं नाव फुटतं ना तपास, हे आपल्याच विधिमंडळानं १९९९ मध्ये मान्य केलेलं आहे. तेव्हा येत्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाच्या आमदारानं दोन तारांकित प्रश्न टाकावेत. कलम २७ चा मागच्या प्रत्येक वर्षाचा अहवाल कोणत्या तारखेला पटलावर ठेवला? आणि दूरसंचार कायद्याच्या कलम २०(२) खाली मागच्या वर्षी राज्यात किती प्रस्ताव आले, किती नाकारले, किती मुदतवाढी दिल्या, आणि पुनर्विलोकन समितीनं किती आदेश बेकायदा ठरवले?